माणसांसकट तलाव

खोटं बोलता न येणं हा सद्गुण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या फोटोमास्तरांबरोबर एकदा तरी दौऱ्यावर जायला हवं होतं. मी पुष्कळदा गेले. माझं मत तिथं बनलं.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाऊन थोडी वर्षं झाली होती आणि कुरखेड्याच्या बाजूला खेड्यांच्या विकासाची म्हणून एक नवी कचेरी उघडली होती. तिच्या दवाखान्यात मी नर्स होते. नागपूरहून आलेली, नोकरीत नवी, कोणाचं ऐकून न घेणारी. मास्तर पन्नाशीच्या पुढचे. कचेरीनं बांधलेल्या विहिरी, ओढ्यांवरचे ठेंगणे रपटे, शाळेच्या खोल्या यांचे फोटो काढायचे आणि वर पाठवायचे, हे त्यांचं काम. पगार कचेरीचा, कॅमेरा त्यांचा स्वतःचा. लाकडी पेटीचा, तीन पायांच्या घोडीवर उभा करायचा, मागून काळं कापड डोक्यावर घ्यायचं, आत काचेची प्लेट सरकवायची आणि रबरी फुगा दाबायचा. फुगा दाबताना समोरच्याला ते कधी 'हलू नका' म्हणत नसत. स्वतःच श्वास रोखून धरत. चेहरा लाल व्हायचा, कपाळाची शीर फुगायची. एक दिवस तुम्ही त्या पेटीमागेच पडाल, असं मी त्यांना सांगितलं होतं. "शक्य आहे," ते म्हणाले आणि पुढच्या फोटोला पुन्हा श्वास रोखला.

आधी ते एका शाळेत चित्रकला शिकवत. ती नोकरी कशी गेली ते त्यांनीच सांगितलं, जेवताना भाजीबद्दल बोलावं तसं. शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यानं भिंतीवरच्या एका चित्राचं फार कौतुक केलं, मुलाला बक्षीस जाहीर केलं. मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, "यातलं आकाश आणि झाड मी काढलंय. बैल त्याचा आहे." बैल वाईट होता. मुलाचं बक्षीस गेलं आणि हेडमास्तरांनी मास्तरांना पुढच्या सत्रात घेतलं नाही.

माझ्या दवाखान्यात त्यांना मी बंदी घातली होती. एकदा तापानं फणफणलेल्या एका बाईनं त्यांना औषध देणारे डॉक्टर समजून विचारलं, "भाऊ, मी वाचीन का?" त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "वाटत नाही." ती बाई दोन्ही हातांनी कपाळ बडवू लागली, तिची सासू माझ्या अंगावर धावून आली. पुढे बाई बरी झाली. तेव्हा मास्तर मुद्दाम तिच्या गावाला चालत गेले आणि "माझा अंदाज चुकला" असं तिला सांगून आले. तिनं त्यांना पोहे खायला घातले. मला मात्र त्या सासूनं कधी क्षमा केली नाही.

फोटो काढताना लोक अंगावर येणं हे त्यांच्या धंद्यात रोजचं होतं. त्या मुलखात तीन पायांची पेटी घेऊन गावात शिरलेला माणूस चांगल्या कामाला आलेला कोणी पाहिलाच नव्हता. कोणाला वाटे मोजणीवाला, कोणाला वाटे जंगलखात्याचा, आणि बायका पोरांना घरात ओढून घेत. कोणी ओरडत आलं की मास्तर जिथं असतील तिथं खाली बसत. धूळ असो, शेण असो. खिशातून मुरमुऱ्याची पुडी काढून पुढे करत आणि जे विचारलं जाईल त्याचं खरं उत्तर देत. बसण्यापर्यंत ठीक होतं. गाडं उत्तरापाशी अडायचं.

अहेरीच्या बाजूला एकदा ते उसनवारीवर गेले होते, तिथली गोष्ट जीपच्या ड्रायव्हरनं मला सांगितली. एका माणसानं घरासमोर पेटी पाहून कुऱ्हाड उचलली. मास्तर बसले, मुरमुरे दिले, आणि त्याला काळ्या कापडाखाली डोकं घालून आत बघ म्हणाले. आतल्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. त्या माणसाला आपलं घर छपरावर उभं दिसलं. तो बाहेर आला आणि म्हणाला, "सरळ करून दे." बरं, करतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मास्तर म्हणाले, "ते मला करता येत नाही." मग प्रकाश भोकातून आत कसा शिरतो हे ते त्याला उन्हात बसून समजावत राहिले, आणि तेवढ्या वेळात त्या माणसानं बायकोकडून घरातली धानाची मडकी एकेक करून बाहेर काढून घेतली. घर उलटलंच तर धान सांडू नये म्हणून. पेटी गावाबाहेर गेल्यावरच मडकी आत गेली.

माझी पद्धत वेगळी होती. जिथं एक थाप मारून माणसं शांत होतात तिथं मी मारत असे. टोचायच्या सुया आणि बाळंतपणं या कामात तिच्याशिवाय पान हलत नाही.

आता तलावाची गोष्ट.

माघ महिना होता. धान कापून झालं होतं आणि तलावांत पाणी अजून भरपूर होतं. कचेरीच्या साहेबांनी मास्तरांना बोलावून एका गावच्या जुन्या मालगुजारी तलावाचा फोटो काढून आणायला सांगितलं. मला त्याच बाजूला दोन गरोदर बायकांना पाहायचं होतं आणि कचेरीला जीप एकच, म्हणून मीही तिथं उभी होते.

"सगळं पाणी आलं पाहिजे, पाळ आली पाहिजे," साहेब म्हणाले. "माणसं नकोत."

"कशासाठी आहे?" मास्तरांनी विचारलं. हा प्रश्न ते नेहमी विचारत, कारण पुढे तो त्यांना विचारला जाणार असे.

"मच्छीच्या लिलावासाठी. ठेकेदार बाहेरचा आहे, त्याला इथवर यायला वेळ नाही. फोटो बघून बोली लावणार आहे. तलाव पडीकच आहे. कोणी वापरत नाही असं आम्ही वर कळवलंय."

जीप रस्त्याला उभी राहिली, पुढे पायवाट होती. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोचलो तर माणूस नाही. पाणी निवांत पडलं होतं, पलीकडे आंब्याची झाडं. पण पडीक तलावाची कळा काही वेगळी असते. इथं काठाला डोंगे बांधलेले होते, लाकूड कोरून केलेले, आणि पाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळी वाळत घातली होती. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं.

"वापरात आहे," ते म्हणाले.

"मग परत जाऊ या."

"मला फोटो काढायला सांगितलंय." त्यांनी घोडी उभी केली, कापडाखाली जाऊन पाहिलं आणि बाहेर आले. जाळी मध्ये येत होती. त्यांनी ती एकेक उचलली, धोतराची घालतात तशी चौकोनी घडी घातली आणि आंब्याखाली रचून ठेवली. फार नीट रचली. मग श्वास रोखून तलावाचा फोटो घेतला, प्लेटची चौकट काढून पिशवीत ठेवली आणि दुसरी पेटीत सरकवली. तेवढ्यात गावाच्या बाजूनं आवाज आला.

पाळीवरून माणसं येत होती. पुढे पुरुष, हातात काठ्या, मागे बायका. ढिवरांचं गाव ते, मासे धरून जगणारं. धावत नव्हते. मला ते जास्त वाईट वाटलं, कारण धावत येणारा माणूस वाटेत थोडा निवतो. पेटी त्यांच्याकडेच तोंड करून होती. ती पाहून ते काही अंतरावर थबकले आणि मास्तरांनी तेवढ्यात फुगा दाबला. मग ते नेहमीसारखे खाली बसले आणि मुरमुऱ्याची पुडी काढली.

पुढे एक तरणा गडी होता. उंच, कमरेपर्यंत ओला. त्यानं आधी आंब्याखाली पाहिलं.

"जाळ्याची घडी कोनं केली?"

"मी," मास्तर म्हणाले.

"जाळ्याची घडी करते का कोनी? आता सोडवाले दिवस जाईल." तो जवळ आला. "कोन आहा तुमी? कोनाले विचारून हात लावला?"

मी मध्ये पडले. "मी नर्स आहे, भाऊ. हिवतापाचं काम आहे. पाण्यात डास होतात ना, त्याचा फोटो काढतोय."

"डासाचा फोटो?" मागून कोणीतरी म्हणालं. "मंग आमच्या घरी ये म्हना. हजेरी लावून ठेवतो त्याइची."

दोघंतिघं हसले. मला वाटलं, जमलं. एक बाई पुढे येऊन सांगू लागली, "मले रोज दिवस कलला का थंडी भरते, बाई, पाह्य ना." मी तिचा हात हातात घेतला. काठ्या जमिनीला टेकल्या होत्या. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर आम्ही जाळी सोडवून देऊन परत निघालो असतो.

"तसं नाही," मास्तर खालून म्हणाले. "तलावाचा लिलाव आहे. मासे बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचेत. त्याला दाखवायला फोटो काढला."

त्या बाईनं आपला हात माझ्या हातातून काढून घेतला.

मग त्या तरण्यानं विचारलं, "आन आमी?"

"तुमच्याबद्दल मला काही सांगितलं नाही. तलाव पडीक आहे असं कळवलंय."

"पडीक?" तो म्हणाला. "माह्या बापानं इथी मासे धरले. मालगुजाराले हिस्सा देऊन धरले. मालगुजार गेला तवा सांगितलं तलाव सरकारचा झाला, म्हनजे तुमचाच झाला. आता ठेकेदाराचा कवा झाला?"

"झाला नाही. होणार आहे."

मी मास्तरांना गप्प बसा म्हटलं. ते माझ्याकडे पाहून पुन्हा त्याच्याकडे वळले. त्यानं घोडीचा एक पाय हातात धरला होता.

"पानी खोल हाये इथी," तो म्हणाला.

"पेटी माझी आहे, कचेरीची नाही. बुडवलीत तर नुकसान माझं होईल. लिलाव थांबणार नाही, ते दुसरा माणूस पाठवतील."

हे सगळं खरं होतं, आणि ते ऐकून मागची माणसंही पुढे सरकली. आमच्या एका बाजूला पाणी होतं. जीप रस्त्यावर, झाडांपलीकडे, आणि ड्रायव्हर बहुतेक झोपलेला. ओरडून उपयोग नव्हता. मी माझी सुयांची पेटी पोटाशी धरली. ती फुटली असती तर पुढचे आठवडेच्या आठवडे मला दुसरी मिळाली नसती.

"फोट्टू दे," तरणा म्हणाला.

काढलेली प्लेट मास्तरांनी कधी कोणाला दिलेली नव्हती. साहेबांच्या बायकोनं मागितली तेव्हाही नव्हती. ते थोडा वेळ मुरमुरे चावत राहिले. मग त्यांनी पिशवीतून तलावाची चौकट काढली, तिची पट्टी ओढली आणि काच उन्हात उघडी केली.

"घ्या. गेला फोटो."

सगळे काचेवर वाकले. साईसारखी फिकट, कोरी काच होती.

"याच्यात तं काईच नाई."

"आहे. पण औषधात घातल्याशिवाय दिसत नाही. आणि आता ऊन लागलं म्हणून तो मेला."

"दिसला नाई आन मेला बी?" मागून एक म्हातारा म्हणाला. "चांगला बाजार हाये तुमचा."

"कोरा काच दाखवते," दुसरा म्हणाला. "असली लपवला त्यानं."

मास्तरांनी त्यांचा सर्वांत चांगला फोटो त्या दिवशी उन्हात घातला, हे त्यांच्या तोंडावरून मला दिसत होतं. तिथं दुसऱ्या कोणाला दिसलं नाही. तरण्यानं पेटीकडे बोट केलं.

"तिच्यात काय हाये?"

"तुम्ही आहात. येत होता तेव्हा काढला."

"काठ्या घेऊन?"

"हो. काठ्यांसकट."

आता मी खरी घाबरले. सरकारी माणसाच्या अंगावर काठ्या घेऊन आलेला जमाव, तोंडासकट. ठाणेदाराला एकेकाला घरातून उचलून नेण्याएवढं पुरेसं होतं, आणि हे तिथं सर्वांना माझ्याइतकंच कळलं. कोणीतरी विचारलं, "ठानेदाराले दाखवाले काढला?"

"कोणाला दाखवायचं ते मी ठरवत नाही," मास्तर म्हणाले. "साहेबांनी मागितला तर द्यावा लागेल."

तरण्याची काठी वर गेली. पेटीवर की मास्तरांवर, ते मला आजही सांगता येणार नाही. मास्तर हलले नाहीत. त्यांनी श्वास रोखला होता, फोटो काढताना रोखत तसा.

"थांब रे," एक बाईचा आवाज आला. पाण्याच्या बाजूनं एक म्हातारी वर येत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, टोपलीत बारीक मासळी. गाव तिला बुढी म्हणत होतं, आणि तिनं थांब म्हटल्यावर काठी थांबली, खाली मात्र आली नाही. "फोडाचाच हाये तं फोड. पन आंधी पाहू तं दे, आमी कसे दिसतो ते."

"पाहाले काय रायलं, बुढे?"

"तू आपलं तोंड कवा पाह्यलं? मी रोज पायतो, मले माईत हाये. तुले नाई."

अशा रीतीनं आम्ही कैदी होऊन गावात गेलो. मास्तरांनी सांगितलं, अंधाराची खोली पाहिजे. म्हातारीच्या घरात मागे धान ठेवायची खोली होती. तिच्या फटी घोंगड्यांनी बुजवल्या, कंदिलाला मास्तरांनी आपलं तांबडं कापड बांधलं, पिशवीतल्या औषधांच्या बाटल्या आणि घरातली तीन ताटं मांडली. तलावाचंच पाणी आणलं. तरणा काठी घेऊन त्यांच्याबरोबर आत बसला आणि दार लागलं. बाकीचे दारासमोर उभे राहिले.

मी ओसरीवर बायकांत बसले. कोणी माझ्याशी बोलेना. मला पाहायच्या होत्या त्यांतली एक गरोदर बाई तिथंच भिंतीला टेकून होती. नुसतं बसून काय करणार, म्हणून मी तिला आडवी केली आणि पोट पाहिलं. बाळ आडवं नव्हतं, ठीक होतं. ती हळूच म्हणाली, "माहा मानूस बी त्या फोट्टूत हाये, बाई. त्याले नेतीन का?" मी नाही म्हणाले. तेही खोटंच होतं. मला काय ठाऊक?

आतून काही ऐकू येत नव्हतं. मग तरण्याचा आवाज आला, बारीक, पोराचा असावा तसा. "आला. आला रे."

दार उघडलं. मास्तर ओली काच दोन बोटांत धरून उन्हात आले आणि माणसं पुढे धावली. पुढे धावली तशीच मागे सरली. काचेवरच्या माणसांची तोंडं पांढरी होती आणि आकाश काळं.

"भुतं हायेत ही."

"मारलं आमाले यानं. मेल्यावर असेच दिसतो."

म्हातारी म्हणाली, "मले तं तू आताबी तसाच दिसते." पण तिचाही आवाज नेहमीचा नव्हता. काठ्या परत उचलल्या गेल्या.

"कापड," मास्तर म्हणाले. मी पेटीचं काळं कापड दिलं. त्यांनी ते काचेमागे धरलं आणि काच जराशी तिरपी केली. काळ्यावर धरली की तसली काच सरळ दिसते. पांढरी तोंडं मिटली आणि माणसं आली. पाळीवर उभी, डोळे बारीक केलेली, काठ्या धरलेली. मागे पाणी आणि काठाचे डोंगे.

जो तो आपल्याला शोधत होता. "हा मी." "अन हा तू. तुह्या काठीपेक्षा तुहं तोंड लांब हाये." ती गरोदर बाई उठून आली आणि तिनं एका तोंडावर बोट ठेवायला हात पुढे केला. मास्तरांनी काच मागे घेतली. "ओली आहे," ते म्हणाले.

म्हातारी सगळ्यांत शेवटी वाकली आणि सगळ्यांत जास्त वेळ पाहत राहिली.

"पयल्या काचेत आमी होतो का?"

"नाही."

"काऊन?"

"साहेबांनी सांगितलं होतं, माणसं नकोत."

"मंग ठेकेदाराले काय वाटलं असतं?"

"तलाव मोकळा आहे असं."

"आन हा पाहून?"

मास्तरांनी विचार केला. "मोकळा नाही असं वाटेल."

"मंग हा ने," ती म्हणाली. "फोडू नोको. सायबाले दाखव."

तरणा पुढे आला. "येडी झाली का, बुढे? काठ्या दिसून राह्यल्या त्याच्यात. ठानेदार एकेकाले ओळखन."

"ओळखू दे ना. आमाले ओळखलं म्हनजे तलावावर आमी हावो हे बी ओळखलं. आतापावतर कोनी ओळखलं का आपल्याले?"

"जेलात कोन जाईल?"

"तू जाशीन. तुहीच काठी मोठी हाये."

वाद बराच चालला. दोघंतिघं फोडायच्या बाजूचे होते, त्यांना पोरंबाळं होती आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही फोडायच्या बाजूची असते. पण घर म्हातारीचं होतं, आणि तिनं जेवायला वाढायला सुरुवात केली होती. शेवटी तरण्यानं काठी भिंतीला टेकवली. "जेलात गेलो तं भात आनजो, बुढे," तो म्हणाला. "मासोळी टाकून." आम्हाला दुपार कलल्यावर सोडलं.

जीपमध्ये मी मास्तरांना सांगितलं, "कचेरीत म्हणा, प्लेट फुटली. दोन शब्द आहेत."

"फुटली नाही."

"मग मी फोडते." पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यांनी ती उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"म्हातारी काय म्हणाली ते तुम्ही ऐकलं नाही का, बाई?"

"ऐकलं. पण साहेब म्हातारी नाही. त्याला आधी काठ्या दिसतील."

ते कचेरी येईपर्यंत काच सांभाळत बसले.

तसंच झालं. कागदावर छापलेला फोटो टेबलावर ठेवून साहेबांनी आधी मला विचारलं. "सिस्टर, हल्ला झाला?"

"नाही."

"मग काठ्या कशाला आहेत?"

"गुरं हाकायला."

"गुरं कुठं आहेत?"

"फोटोत मावली नाहीत."

त्यांनी मास्तरांकडे मान वळवली. "मारायला आले होते?"

"हो," मास्तर म्हणाले.

"अडकवून ठेवलं?"

"हो. दुपार कलेपर्यंत."

मी खिडकीबाहेर पाहू लागले. त्या बाईचं पोट माझ्या हाताला अजून लागत होतं.

"लिहून द्या," साहेब म्हणाले. "आजच ठाण्यात पाठवतो. फोटो सोबत जोडू."

"देतो." मास्तरांनी कागद ओढला, टाक बुडवला आणि थांबले. "माणसं कुठली म्हणून लिहू? डोंगे त्यांचे आहेत. जाळीही त्यांचीच होती, मीच बाजूला केली. तलावावर मासे धरतात तेच लोक, असं लिहावं लागेल. पण आपण तर वर कळवलंय की तलाव पडीक आहे. ठाणेदार विचारेल, पडीक तलावावर एवढी माणसं डोंगे घेऊन काय करत होती. त्याला काय उत्तर लिहू?"

त्यांनी हे डाव म्हणून विचारलं, असं नंतर कचेरीतले पुष्कळजण म्हणाले. मला तसं वाटत नाही. डाव टाकणारा माणूस समोरच्याचं तोंड पाहतो. हे कागदाकडे पाहत होते आणि त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

साहेबांनी फोटो पुन्हा हातात घेतला. या वेळी काठ्या सोडून ते मागचे डोंगे पाहत होते. मग त्यांनी तो मास्तरांपुढे सरकवला. "ठेवा तुमच्याकडे. काही लिहू नका. पुन्हा जा आणि माणसांशिवाय काढून आणा."

"जातो. पण मला पाहिलं की ती येतील."

"येणार नाहीत अशा वेळी जा."

"अशी वेळ मला माहीत नाही," मास्तर म्हणाले.

महिनाअखेर त्यांना कळवण्यात आलं की कचेरीला आता फोटोची गरज नाही. निघायच्या दिवशी ते दवाखान्याच्या दारात आले, बंदी होती म्हणून आत आले नाहीत. इतके महिने मी त्यांना दिलेला चहा पातळ होता, असं त्यांनी सांगितलं. मग घोडी खांद्यावर टाकून मोटारीच्या थांब्याकडे गेले. पुढे ते कुठं गेले ते मला कळलं नाही. कोणी भांडून हाकलणार नाही अशा गावी गेले असतील तर बरं.

लिलाव त्या साली झाला नाही. ठेकेदार फोटोची वाट पाहून दुसरीकडे गेला, असं ड्रायव्हर सांगत होता.

उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी ती म्हातारी माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली. फडक्यात सुकी मासळी बांधून आणली होती. त्या गरोदर बाईला मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत, म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून विचारलं, "फोट्टूवाले भाऊ कुठी हायेत?"

"गेले. त्यांची नोकरी गेली."

तिनं फडकं माझ्याकडे सरकवलं. "मंग तूच खा." मग म्हणाली, "आता दुसरा येईल."

"येईल," मी म्हटलं. मला तिच्याशी खोटं बोलावंसं वाटलं नाही. "हे गेले म्हणून लिलाव कायमचा थांबत नाही. पुढच्या साली कोणीतरी पेटी घेऊन येणारच."

"येऊ दे. पाळीवर आता रोज कोनी ना कोनी बसून रायते. पेटी दिसली का हाक मारते. हाक आली का समद्या गावानं कामं टाकून पाळीवर येऊन उभं राहाचं, असं ठरलं हाये."

"काठ्या घेऊन?"

"काठ्या नाई," ती म्हणाली. "जाळे घेऊन."